आजोबांच्या फोटोशेजारी खोचलेलं चित्र

फलटणहून एका आईचं पत्र आलं आहे. पत्र लांब आहे, म्हणून त्यातला महत्त्वाचा भाग तेवढा देते.

‘ताई, माझा मुलगा सोळा वर्षांचा, अकरावीला आहे. माझे सासरे फेब्रुवारीत गेले. त्याआधी वर्षभर ते अर्धांगवायूने अंथरुणाला खिळून होते. नातवाचा त्यांच्यावर फार जीव. दर रविवारी त्यांची दाढी तोच करायचा. चुलीच्या राखेत भाजलेली रताळी त्यांना आवडायची. घरात बाकी कुणाला त्याचं विशेष कौतुक नाही, पण एकादशीला हे दोघं मिळून खायचे. ते गेले तेव्हा मात्र पोराच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. आम्हीच त्याला सांगितलं होतं की आता तू मोठा आहेस, आजीसमोर रडायचं नाही, तिला सांभाळायचं. पण हा एकांतातसुद्धा रडला नाही. आल्यागेल्याला चहा देत होता, दहाव्याला घाटावर सगळं काकाच्या बरोबरीने करत होता.

‘आणि आता मे महिन्याच्या सुरुवातीला मोबाईलवर एक जपानी कार्टून बघितलं. त्यात रेंगोकू नावाचा कुणी मरतो. पोरगा दोन दिवस धड जेवला नाही. उशीत तोंड खुपसून हुंदके देत होता. मग १० मेला त्या रेंगोकूचा वाढदिवस आहे, रताळी आण, म्हणून मागे लागला. आता त्याचं चित्र छापून आणलंय आणि आजोबांच्या फोटोच्या चौकटीत खोचलंय. मुंबईच्या कॉमिक कॉनला, म्हणजे अशा कार्टूनवेड्यांच्या मेळ्याला, जायला त्याच्यासारखा ज्वालांचा डगला पाहिजे म्हणतो. माझे दीर म्हणाले, “सख्ख्या आजोबासाठी कोरडा आणि चित्रासाठी रडतोय, आधी मोबाईल काढून घ्या.” याच्या बाबांना विचारावं, तर ते वडील गेल्यापासून बोलतच नाहीत. कामावरून आले की भिंतीकडे तोंड करून पडतात. ताई, माझं पोर आतून कोरडं आहे का? की त्याचं काही बिघडलंय? ते चित्र काढून टाकू का?’

ताई, चित्र काढू नका. आणि पोर कोरडं आहे ही धास्ती आज, आत्ता मनातून काढा. ज्याने वर्षभर दर रविवारी आजोबांची दाढी केली, तो कोरडा कसा असेल? अर्धांगवायू झालेल्या माणसाची दाढी करणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. एका बाजूचा गाल ओघळलेला असतो, त्या बाजूला पातं लागलं तरी त्यांना कळत नाही. म्हणून डाव्या हाताच्या दोन बोटांनी कातडी ताणून धरायची, उजव्या हाताने हलकेच पातं फिरवायचं, आणि मधून मधून ओठाच्या कोपऱ्यातून गळणारी लाळ पुसायची. पंधरा-सोळा वर्षांचं पोर रविवारची सकाळ याला देत होतं. त्याच्या मायेबद्दल शंका घ्यायला कुणाला जागाच नाही, तुमच्या दिरांनाही नाही.

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच त्यात लिहून ठेवलं आहे, पण ते दिसायला हा रेंगोकू कोण ते माहीत हवं. तुम्ही ‘रेंगोकू नावाचा कुणी’ असं लिहिलंत, म्हणून आधी त्याची ओळख करून देते. माझ्या भाचीमुळे मी ही मालिका पाहिली आणि नंतर भाचीशिवायही पाहिली.

मालिकेचं नाव ‘डीमन स्लेयर’. कोयोहारू गोतोगे यांनी ही चित्रकथा २०१६ ते २०२० या काळात जपानच्या ‘शोनेन जम्प’ साप्ताहिकात लिहिली आणि काढली. तिचे २३ खंड झाले, आणि युफोटेबल या स्टुडिओने २०१९ पासून ती पडद्यावर आणली. काळ शंभर वर्षांपूर्वीच्या जपानचा. तांजिरो हा डोंगरात राहणारा, कोळसा विकणारा मुलगा. एका रात्रीत त्याचं घर राक्षसाने संपवलं, एक बहीण वाचली तीही राक्षस होऊन. तिला पुन्हा माणूस करण्यासाठी तो राक्षसांशी लढणाऱ्यांच्या दलात जातो. क्योजुरो रेंगोकू हा त्या दलातला मोठ्या मानाचा योद्धा, वय वर्षं वीस. केस ज्वालेसारखे पिवळे-लाल, अंगावर पांढरा डगला आणि त्याच्या काठाला ज्वाला. तुमच्या मुलाला हवा आहे तो हाच. माणूस मोठ्या आवाजाचा, मोकळा. रेल्वेच्या डब्यात बसून डब्यावर डबे फस्त करतो आणि दर घासाला ‘झकास! झकास!’ म्हणून ओरडतो. रताळं त्याच्या फार आवडीचं.

‘मुगेन ट्रेन’ नावाच्या चित्रपटात तो मरतो. तुमच्या मुलाने तोच पाहिला असणार.

त्यात सुरुवातीला एक राक्षस गाडीतल्या सगळ्यांना झोप लावतो आणि प्रत्येकाला स्वप्न पडतं. रेंगोकूला काय दिसतं? तो आपल्या घरी आला आहे. दलातलं सर्वांत मोठं पद मिळालं, हे वडिलांना सांगायला मोठ्या हौसेने आला आहे. वडील स्वतः एके काळी त्याच पदावर होते. पण बायको आजारपणात गेली आणि त्यांनी सगळं सोडून दिलं. ते अंथरुणावर पडलेले असतात, पोराकडे पाठ करून. वळूनही बघत नाहीत. त्यात काय एवढं, म्हणतात. रेंगोकू बाहेर येतो. दारात धाकटा भाऊ उभा असतो, त्याला जवळ घेतो आणि समजावतो की आपण मात्र हिंमत सोडायची नाही.

ताई, तुम्ही लिहिलंय, ‘याचे बाबा कामावरून आले की भिंतीकडे तोंड करून पडतात.’

हा प्रसंग तुमच्या पोराने एकट्याने, कानात इयरफोन घालून, अंधारात पाहिला आहे.

पुढे ऐका. रेंगोकू लहान असताना आजारी आईने त्याला जवळ बसवून विचारलेलं असतं की तू इतरांपेक्षा बळकट का जन्मलास, ठाऊक आहे का? दुबळ्यांना सांभाळायला, ते तुझं काम, ते विसरायचं नाही. तो मान डोलावतो. आई त्याला पोटाशी धरते, आणि थोड्याच दिवसांत जाते. त्यानंतर तो पोरगा कुणासमोर खचलेला दिसत नाही. हसतो, मोठ्याने बोलतो, धाकट्याला सांभाळतो, वडिलांचं दुखणं झेलतो. घरातलं एक पोर असं असतं की ज्याला सगळे ‘तू समजूतदार’ म्हणतात आणि मग त्याची विचारपूस करायचं राहून जातं. ‘आजीसमोर रडायचं नाही, तिला सांभाळायचं’, हे तुम्ही मायेपोटीच सांगितलंत. त्या घाईत कोणतीही आई तेच सांगेल. त्याने ते फार चोख पाळलं.

आता शेवटाकडे येते. गाडीतले दोनशे प्रवासी वाचलेले आहेत. तेवढ्यात अकाझा नावाचा फार बलाढ्य राक्षस येतो. त्याला रेंगोकूचं लढणं आवडतं. तो म्हणतो, तूही राक्षस हो, मग म्हातारपण नाही, मरण नाही, शे-दोनशे वर्षं आपण लढत राहू. रेंगोकू नाही म्हणतो. त्याचं म्हणणं असं, की माणूस म्हातारा होतो आणि मरतो, यातच त्याचं सौंदर्य आहे. तो क्षणभंगुर आहे म्हणूनच लाखमोलाचा आणि जीव लावण्याजोगा आहे. आणि बळ हा शब्द नुसत्या शरीराला लावायचा नसतो.

वर्षभर आजोबांना अंथरुणात पाहिलेल्या मुलाने हे ऐकलं. त्या वर्षात घरात येणारा प्रत्येक जण काय म्हणत असेल? ‘असं जगण्यापेक्षा सुटलेलं बरं.’ ‘काय राहिलंय त्यांच्यात.’ हे शब्द आपण आजाऱ्याच्या खोलीबाहेर अगदी सहज बोलतो, आणि खोलीत दाढीचा साबण घेऊन बसलेलं पोर ते ऐकत असतं. त्याला उत्तर देता आलं नसेल. मग एक दिवस कुणीतरी तलवार हातात घेऊन ठामपणे सांगतो की थकणाऱ्या, मरणाऱ्या माणसाची किंमत तसूभरही कमी होत नाही. मी त्याच्या जागी असते तर मीही दोन दिवस जेवले नसते.

रेंगोकू सूर्य उगवेपर्यंत झुंजतो. अकाझाचा हात त्याच्या पोटात आरपार गेलेला असतो आणि तरी तो त्याला सोडत नाही. उन्हात राक्षस मरतात, म्हणून अकाझा पळून जातो. तांजिरो रडत त्याच्यामागे ओरडतो की जिंकला आहे तो रेंगोकूच, त्याने एकालाही मरू दिलं नाही. मग रेंगोकू गुडघ्यांवर बसून निरोप सांगतो. वडिलांसाठी निरोप काय? तब्येतीला जपा, एवढाच. आणि शेवटी त्याला समोर आई दिसते. तो तिला विचारतो की मी नीट केलं ना? ती हसून हो म्हणते. मग तो लहान मुलासारखा हसतो, आणि तसाच जातो.

‘मी नीट केलं ना?’ हा प्रश्न तुमच्या मुलाने कुणाला विचारायचा होता?

त्याच्या मनात नेमकं काय चाललं होतं ते मी इथे बसून छातीठोकपणे सांगणार नाही, ते तोच सांगू शकेल. पण इतकं खात्रीने वाटतं की फेब्रुवारीत अडलेलं पाणी मे महिन्यात वाहिलं. माझे वडील गेले तेव्हा मीही रडले नव्हते. तेरा दिवस माणसं मोजत होते, कप मोजत होते. चार महिन्यांनी एका सकाळी शेजाऱ्यांची जुनी स्कूटर तिसऱ्या किकला सुरू झाली. आमच्या वडिलांची नेहमी तिसऱ्याच किकला सुरू व्हायची. मी गॅस बंद केला आणि ओट्यापाशी खाली बसून रडले. तेव्हा कुणी म्हणालं नाही की बापासाठी रडली नाही आणि स्कूटरसाठी रडते.

आता तुमच्या मनात असेल की स्कूटर निदान खरी होती. रेंगोकू तर चार रेघा आणि रंग. मग पोरं त्याच्यात इतकी गुंततात कशी? त्यात एक कसब आहे, ते सांगते. जपानी टीव्हीसाठी पहिली मोठी साप्ताहिक चित्रमालिका १९६३ मध्ये ओसामू तेझुका यांनी केली, ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ या नावाने आपण तिला ओळखतो. पैसा कमी, वेळ त्याहून कमी. सेकंदाला चोवीस चित्रं काढणं परवडेना. म्हणून त्यांनी चित्रं कमी केली. चेहरा स्थिर ठेवायचा, फक्त डोळे हलवायचे, ओठ हलवायचे, बाकीचं काम आवाजावर सोपवायचं. त्या काटकसरीतून एक शैली घडली. चेहऱ्यावर पाच-पाच सेकंद काही हलत नाही, फक्त मनातलं बोलणं ऐकू येतं. आणि तो चेहरा स्थिर असतो म्हणून बघणारा त्यात आपलं काहीतरी ठेवू शकतो. तमाशातल्या किंवा नाटकातल्या नटाचं दुःख त्याचं असतं, आपण ते बघतो. इथे अर्धं दुःख बघणाऱ्याने भरायचं असतं. तिकडे आवाज देणाऱ्या कलाकारांना मोठा मान मिळतो तो उगाच नाही. रेंगोकूचा मूळ आवाज सातोशी हिनो यांचा आहे. तो मरतानाचा प्रसंग जपानी आवाजात ऐका. भाषा समजली नाही तरी चालेल, खाली अक्षरं येतात.

आणि वेळ. रोज संध्याकाळी वीस-बावीस मिनिटं, असं वर्षानुवर्षं एकाच माणसाबरोबर राहिल्यावर तो घरचाच होतो. वाड्यावर कीर्तन ऐकणाऱ्या बायका जनीचं दळण ऐकून डोळे पुसायच्या, त्यांना कुणी विचारलं नाही की जनी तुमची कोण.

या मालिकेत मला स्वतःला सर्वांत भिडलं ते तर रेंगोकूचंही नाही. रुई नावाचा एक लहान राक्षस आहे, फार क्रूर. त्याचं मुंडकं उडतं. धड तसंच सरपटत पुढे येतं आणि विरायला लागतं. त्या धडातून एक फार मोठं दुःख तांजिरोला जाणवतं, आणि त्याने आत्ता ज्याच्याशी जीवघेणी लढाई केली, त्याच्याच पाठीवर तो हलकेच हात ठेवतो. दुसरा योद्धा येऊन त्या राक्षसाच्या रिकाम्या कपड्यांवर पाय ठेवतो, तेव्हा तांजिरो त्याला सांगतो की पाय काढा. ज्या मालिकेत मरणाऱ्या राक्षसाच्याही पाठीवर हात ठेवतात, ती बघून तुमचं पोर बिघडेल अशी भीती बाळगू नका. रक्त खूप आहे, हे खरं. जपानातही बारा वर्षांखालच्या मुलांनी ‘मुगेन ट्रेन’ मोठ्यांच्या सल्ल्याने बघावा असा शिक्का त्यावर आहे. सोळाव्या वर्षी ते चालतं.

तुमचं वय मी चाळिशीच्या आसपास धरते. म्हणजे १९९३ मध्ये रविवारी सकाळी दूरदर्शनवर तुम्ही मोगली पाहिला असणार. गुलजारांचं गाणं, शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज. ती मालिकाही जपानीच होती, तिकडच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशनने १९८९ मध्ये केलेली. शेरखान आला की पोटात गोळा यायचा ना? तुमच्या मुलाचं नातं त्याच घराण्यातलं आहे, फक्त त्याच्या वाट्याला आलेल्या कथेत मरण आहे.

दिरांना सांगायला एक खरी गोष्ट देते. १९६८ पासून जपानच्या एका साप्ताहिकात ‘आशिता नो जो’ ही एका अनाथ मुष्टियोद्ध्याची चित्रकथा येत होती. जोचा प्रतिस्पर्धी तोरू रिकिइशी. चित्रकार तेत्सुया चिबा यांनी पहिल्या भेटीत रिकिइशीला जोपेक्षा बराच उंच आणि थोराड काढून ठेवलं होतं. पुढे दोघांची लढत लावायची तर दोघं एका वजनगटात हवेत. म्हणून कथेत रिकिइशी जोशी लढण्यासाठी अन्नपाणी तोडून वजन उतरवतो. लढत जिंकतो आणि मरतो. वाचकांना ते इतकं लागलं की २४ मार्च १९७० रोजी टोकियोत, ते साप्ताहिक काढणाऱ्या कोदान्शा प्रकाशनाच्या इमारतीत, रिकिइशीचा अंत्यविधी झाला. पुढाकार कवी आणि नाटककार शुजी तेरायामा यांचा. बौद्ध भिक्षूने सूत्रं म्हटली. सुमारे सातशे माणसं आली. तेव्हा शाळेत असणारी ती मुलं आज आजोबा झाली असतील. ती वेडी नव्हती. एका माणसाने दिलेल्या शब्दापायी स्वतःला झिजवलं, हे त्यांनी आठवड्यामागून आठवडा पाहिलं होतं, आणि त्याला खांदा द्यावा असं त्यांना वाटलं.

रेंगोकूच्या वेळीही तसंच झालं. ‘मुगेन ट्रेन’ ऑक्टोबर २०२० मध्ये, महासाथ चालू असताना, जपानात लागला. लोक पुन्हा पुन्हा बघायला गेले. ‘रेंगोकूंना चारशे ओकूंचा माणूस करू या’ असं एकमेकांना सांगत गेले. एक ओकू म्हणजे दहा कोटी. मे २०२१ मध्ये, त्याच्या वाढदिवसाच्याच महिन्यात, गल्ला चारशे ओकूंवर, म्हणजे चार हजार कोटी येनवर गेला. ज्याला आपण असं पाठीशी राहून पुढे ढकलतो, त्याला जपानी चाहते ‘ओशी’ म्हणतात, ढकलणे या क्रियापदावरून आलेला शब्द. ओशीच्या वाढदिवसाला घरातल्या मेजावर त्याचं चित्र मांडतात, त्याच्या आवडीचा पदार्थ ठेवतात, आणि त्या मांडणीला चक्क वेदी म्हणतात. तेव्हा तुमच्या मुलाने काही जगावेगळं केलेलं नाही. फक्त एक गोष्ट त्याची स्वतःची आहे. ते चित्र त्याने अभ्यासाच्या टेबलावर लावलं नाही, आजोबांच्या फोटोत खोचलं. आणि तुमच्या पत्रात रताळी दोनदा आली आहेत, एकदा आजोबांच्या नावाने आणि एकदा रेंगोकूच्या. तुमच्या लक्षात आलं का?

अशा एकतर्फी नात्याला १९५६ मध्ये हॉर्टन आणि व्होल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी ‘पॅरासोशल’ असं नाव दिलं. त्यांच्यासमोर टीव्ही-रेडिओवरून थेट आपल्याशीच बोलल्यासारखं बोलणारे लोक होते. एकतर्फी म्हटलं की आपल्याला ते पोकळ वाटतं. पण तुमच्या घरात तो कुणासमोर रडणार होता? आजीचा नवरा गेला, बाबांचे वडील गेले, तुम्ही सगळ्यांना सावरताय. तो ज्याच्या खांद्यावर डोकं ठेवेल तो खांदा आधीच भरलेला. रेंगोकूसमोर रडलं तर रेंगोकूला त्रास होत नाही. म्हणून तो तिथे गेला. त्यात त्याने तुम्हा सगळ्यांनाच जपलं आहे.

आता काय करायचं ते.

‘मुगेन ट्रेन’ त्याच्या शेजारी बसून बघा. दोन तासांना थोडा कमी आहे. मोबाईलवर नको, घरातल्या टीव्हीवर लावता आला तर बघा. भांडी नंतर घासा. मधे बोलू नका, ‘अगं बाई किती रक्त’ वगैरे तर नकोच. संपल्यावर ‘तू का रडलास’ हे विचारू नका, त्याला जाब विचारल्यासारखं वाटतं. ‘तुला त्याचं काय आवडतं?’ एवढंच विचारा. तो रेंगोकूबद्दल बोलेल, खूप बोलेल, दलातली पदं आणि तलवारींचे रंग सांगेल. ते सगळं ऐका. आजोबांचा विषय तुम्ही काढू नका, आणि ‘म्हणजे आजोबांसारखंच की रे’ असं तर मुळीच म्हणू नका. ते जोडणं त्याचं आहे, त्याला जोडू दे. मी इथे उलगडून लिहिलं ते तुमच्यासाठी, त्याला वाचून दाखवायला नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्याकडून जायला हवी, आणि तिला रेंगोकूची गरज नाही. त्याला सांगा, ‘आजीसमोर रडू नकोस म्हटलं ते माझं चुकलं.’ चहा गाळताना सांगा, कपड्यांच्या घड्या घालताना सांगा, समोरासमोर बसवून नको. आणि आजोबांचं तू सगळं नीट केलंस, हेही सांगा. हे वाक्य त्याला घरातल्या माणसाच्या तोंडून ऐकू द्या.

चित्र फोटोत राहू द्या. आजींना खटकत असेल तर त्यांनीच नातवाला विचारावं, हा कोण म्हणून. नातू सांगेल. आजीला आपल्या नवऱ्याच्या शेजारी कोण बसलंय हे कळायचा हक्क आहे, आणि कोण जाणे, रताळी आवडणारा म्हटल्यावर त्यांची हरकत राहणारही नाही.

डगल्याचं सोपं आहे. ऑनलाइन मागवू नका. पांढरं सुती कापड, काठाला लाल-पिवळा रंग किंवा कापडाचे तुकडे, आणि गावातला शिंपी. कॉमिक कॉनला जाणारी कितीतरी पोरं असेच कपडे घरी शिवतात आणि त्यातच त्यांना अभिमान असतो. प्रवासाचा, तिकिटाचा आकडा त्याच्याबरोबर बसून ठरवा आणि त्या आकड्यात सगळं त्यालाच बसवू द्या. बाकी मूर्ती आणि बिल्ले यांना अंत नाही, तिथे ‘नाही’ म्हणायला कचरू नका.

मोबाईल काढून घ्यायचा सल्ला मला पटत नाही. रात्री अकरानंतर तो बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, हा नियम घरातल्या सगळ्यांना लावा. दिरांना म्हणावं, पुतण्याने घाटावर तुमच्या बरोबरीने सगळं केलं, त्याला एकदा जवळ घ्या.

मला जास्त काळजी तुमच्या नवऱ्याची वाटते. चार महिने माणूस भिंतीकडे बघत पडतो, जेवण-झोप कशी आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. त्यांना एकदा डॉक्टरांकडे न्या, किंवा टेली-मानसच्या १४४१६ या नंबरवर फोन करा. मनाच्या आरोग्यासाठीची सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं. मुलाच्या बाबतीतही काही खुणा लक्षात ठेवा. आठवडे उलटले तरी जेवण-झोप रुळावर येत नाही, कॉलेज चुकतंय, मित्र तोडलेत, किंवा मरणाबद्दल, ‘मी नसतो तर’ असं काही बोलतोय, तर थांबायचं नाही, त्याच दिवशी हाच नंबर. नुसतं रडणं आणि चित्र लावणं या यादीत येत नाही. आणि तो रेंगोकूसारखे डबे फस्त करायला लागला असेल तर फारच छान.

चित्रपट बघायला बसाल तेव्हा बाबांना बोलवायचं का? बोलवा. आग्रह करू नका, फक्त दार उघडं ठेवा आणि आवाज थोडा मोठा. रेंगोकू वडिलांसाठी जो निरोप ठेवून जातो, तो आतल्या खोलीत ऐकू गेला तरी पुरे.

आषाढी आता जवळ आली. माउलींची पालखी तुमच्या गावात मुक्कामाला येईल, बाजारात रताळ्यांचे ढीग लागतील. मे महिन्यात मिळाली नसतील तर आता मिळतील. यंदा चूल पेटवा, आणि राखेत रताळी पुरायचं काम त्याच्याकडे द्या. किती वेळ ठेवायची ते घरात फक्त त्यालाच माहीत असेल.